खाऱ्या पाण्याच्या टाकीतले निरुपद्रवी किडे कसे ओळखायचे

कोल्हापूरहून समुद्र घाटाखाली, त्यामुळे माशांच्या टाकीचं खारं पाणी आपण घरीच करतो: आरओच्या पाण्यात सागरी मीठ घोळून, लिटरला साधारण 35 ग्रॅम क्षार येतील असं. त्या पाण्यात किडा नसतो. तो येतो लाइव्ह रॉकच्या, म्हणजे बारीक जीव वस्तीला असलेल्या सच्छिद्र समुद्री दगडाच्या, भोकांतून नाहीतर प्रवाळाच्या बुडाला चिकटून.

आमच्या राजारामपुरीतल्या घरी तो पहिल्यांदा आईला दिसला. "अगं बाई, गोम!" म्हणून ती ओरडली आणि मी घाबरून अख्खा दगड गोड्या पाण्यात बुडवला. किडा मेला, पण दगडातले बारीक जीवही मेले. दगड परत ठेवल्यावर ते कुजले, अमोनिया चढला आणि माझा क्लाउनफिश दगावला. तेव्हापासून मी आधी बघतो.

बघायचं रात्री. दिवे बंद करून तास-दोन तास जाऊ द्या, मग टॉर्चला लाल जिलेटिन कागद लावून काचेजवळ बसा. पांढरा उजेड पडला की हे जीव झटकन अंग आत ओढून घेतात. लाल उजेड त्यांना फारसा जाणवत नाही.

गोमेसारखा दिसणारा बहुतेक वेळा ब्रिसल वर्म असतो. टॉर्च स्थिर धरून कडा बघा: प्रत्येक वळ्याच्या दोन्ही बाजूंना बारीक केसांचे झुबके, अंग गुलाबी-करडं, आणि भोकातून निम्माच बाहेर येऊन माशांनी सोडलेला दाणा ओढत नेतो. हा टाकीचा झाडूवाला आहे, त्याला राहू द्या. फक्त हात लावू नका. केस बोटात घुसले तर चिकटपट्टी दाबून ओढून काढा, वर थोडं व्हिनेगर लावा.

वाळूवर शेवयांसारखे पारदर्शक धागे सरपटत असतील, तर तो स्पॅगेटी वर्म. त्याचं अंग दगडाखाली असतं, धागे फक्त गाळ गोळा करतात. काचेवर एक-दोन मिलिमीटरची पांढरी शंखाकार वेटोळी दिसली, तर ते स्पायरॉर्बिड. नळीतून पिसांचा पंखा निघतो आणि सावली पडताच गडप होतो, तो फेदर डस्टर. केस नसलेला, भोकातून सोंडेसारखा लांबणारा आणि परत आत वळणारा पीनट वर्म. यांतला एकही किडा माशांना खात नाही.

सावध राहायचं ते तिघांपासून. जाड अंग, पांढऱ्या केसांचे दाट झुबके आणि त्यांच्या बुडाशी लाल फांदीदार कल्ले दिसले तर तो फायरवर्म. तो प्रवाळ खातो. डोक्यावर पाच मिश्या आणि अंगावर इंद्रधनुषी झळाळी असेल तर युनिस. भुऱ्या-तांबड्या रंगाचे, कागदासारखे चपटे ठिपके काचेवर वाढत असतील तर फ्लॅटवर्म. ते औषधाने एकदम मारू नका, मरताना विष सोडतात. बारीक नळीने आधी जितके ओढता येतील तितके ओढून काढा.

शंका असेल तर लांब चिमट्याने किडा टाकीच्याच पाण्यात, काचेच्या वाटीत घ्या आणि भिंगातून बघा.

ब्रिसल वर्म अचानक डझनांनी दिसू लागले, तर माशांना घातलेलं खाणं तळाशी उरतंय. दोन मिनिटांत संपेल एवढंच घाला. किडे हळूहळू आपोआप कमी होतात.