वाटणी झाली, पण पाण्याची वाट राहिली

वर्धा जिल्ह्यातील आमच्या गावी दादा आणि मी घराच्या जागेची वाटणी केली, तेव्हा भिंत कोठून जाईल हे फुटपट्टीने ठरवले. पावसाचे पाणी कोठून जाईल, हा विचार मात्र कोणीच केला नाही. दादाचा भाग उंचावर आणि माझा उताराला. मधली भिंत उभी राहताच अंगणातून रस्त्याकडे जाणारे पाणी अडले आणि मृगाच्या पहिल्याच मोठ्या पावसात माझ्या पायव्याशी घोटाभर साचले. आमची जमीन काळी, ओलीने फुगणारी आणि उन्हाने भेगाळणारी. त्यामुळे दिवाळीपर्यंत स्वयंपाकघराच्या भिंतीला बोट जाईल एवढी चीर पडली.

हिशेब सोपा होता: एक हजार चौरस फूट छपरावर ५० मिलिमीटर पाऊस पडला, तर साडेचार हजार लिटरहून अधिक पाणी उतरते. गवंड्याने पाणी भरलेल्या पारदर्शक नळीने पातळी काढली, आणि ६० फूट लांबीत सात इंच उतार देऊन आम्ही सामाईक हद्दीवरून रस्त्याच्या नालीपर्यंत पक्की नाली बांधली. भिंतीलगतची माती दाबून बाहेरच्या बाजूस उतरती केली. वरच्या जागेतून नैसर्गिकपणे वाहणारे पाणी खालच्या मालकाने वाहू द्यावे, हे १८८२ च्या सुविधाधिकार अधिनियमातही आहे. तरीही नालीची जागा, उतार आणि सफाईचा निम्मा खर्च आम्ही वाटणीपत्रात लिहून घेतला. ते आधी लिहायला हवे होते. आता रोहिणी लागण्यापूर्वी दादा स्वतः फावडे घेऊन गाळ काढायला येतो.