परीकथेवरची काळोखी प्रेमकादंबरी कशी वाचावी

शापित राजपुत्र, काळोखात बुडालेला वाडा, सौदा होऊन तिथं पोचलेली मुलगी आणि चार-पाचशे पानं. सांगलीत आमच्या वाचनगटातल्या मुलींच्या पिशवीत सध्या हेच निघतं, बहुतेक इंग्रजीत. त्यांच्या आया विचारतात, "काकू, हे वाचू द्यायचं का?" मुली विचारतात, "काकू, हे नीट वाचायचं कसं?" हे त्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आहे.

आधी मूळ कथा वाचा. तासाभरात होते. समजा कादंबरी सुंदरी आणि पशूच्या कथेवर आहे. ही कथा फ्रान्समध्ये 1740 साली मादाम द व्हिलनव्ह यांनी मोठ्यांसाठी लांबलचक लिहिली. 1756 मध्ये मादाम द बोमाँ यांनी ती मुलींच्या शिक्षणासाठी छोटी केली, आणि आपल्याला माहीत असते ती हीच. व्हिलनव्हबाईंचा पशू रोज रात्री विचारतो, माझ्यासोबत झोपशील का? बोमाँबाईंचा पशू विचारतो, माझ्याशी लग्न करशील का? ग्रिम बंधूंच्या 1812 च्या पहिल्या आवृत्तीतली रापुन्झेलही मनोऱ्यात असतानाच 'कपडे घट्ट का होतात' असं विचारते, म्हणजे तिला दिवस गेलेत. पुढच्या आवृत्त्यांत ते वाक्य गेलं. म्हणजे आजच्या लेखिकांनी गोड गोष्ट नासवलेली नाही. झाकून ठेवलेलं त्या पुन्हा उघडतायत. आयांना मी हेच सांगते.

मग कादंबरी उघडा आणि अट शोधा. मागच्या कोऱ्या पानावर पेन्सिलीनं लिहा: सौदा कुणी केला, बदल्यात कोण गेलं, काय करायला मनाई आहे, मुदत कधी संपते. हे आपल्याला नवीन नाही. श्रावणातल्या कहाण्या ऐकत वाढलेल्या माणसाला 'घेतला वसा टाकू नये' पाठ असतं. बत्तीस शिराळा आमच्याच जिल्ह्यात, त्यामुळे नागपंचमीची कहाणी तर इथं घराघरांत. माहेरचं कुणी नसलेली धाकटी सून, मामा बनून तिला न्यायला आलेला नाग, वारुळातलं घर. नागीण बाळंत होताना ही दिवा धरून उभी असते. पिल्लं बघून घाबरते, दिवा हातातून पडतो, पिल्लांची शेपटं भाजतात. आता दुसऱ्या शतकातली सायकी नावाच्या मुलीची लॅटिन कथा घ्या. नवऱ्याचं तोंड बघायचं नाही ही अट, ती रात्री दिवा घेऊन बघते, तेलाचा थेंब त्याच्या खांद्यावर पडतो आणि तो निघून जातो. दोन्हीकडे दिवा आणि भाजलेलं अंग. कादंबरीत असा दिवा कुठं आहे ते हुडका. मनाई मोडली जाते ते पान सापडलं, की पुढची दोनशे पानं कशाची भरपाई करतायत ते कळतं. आपल्या कहाणीत सूड घ्यायला आलेली पिल्लं पाटावरची नागांची चित्रं बघतात, 'लांडोबा पुंडोबा खुशाल असोत' ही तिची प्रार्थना ऐकतात आणि राग सोडतात. तुमच्या कादंबरीत राग कशानं सुटतो?

प्रेमाचे प्रसंग भराभर उलटू नका, खरी परीक्षा तिथंच आहे. बोमाँबाईंच्या कथेत पशू सांगतो, इथली मालकीण तूच. ती रोज नकार देते, तो उसासा टाकून निघून जातो. वडिलांकडे जायला आठवड्याची मुभा देतो आणि सांगतो, परत यावंसं वाटलं की झोपताना अंगठी टेबलावर काढून ठेव. परतणं तिच्या हातात! म्हणून विचारत जा: या कादंबरीत ती अंगठी कुणाच्या हातात आहे? नायिकेला नाही म्हणता येतं का? नाही म्हटल्यावर नायक काय करतो? तो देखणा आहे, दुखावलेला आहे, एवढ्यानं माझं समाधान होत नाही. दार शेवटपर्यंत बंदच ठेवून लेखिका त्याला प्रेम म्हणवत असेल, तर पुस्तक कितीही खपलेलं असो, मी ते वाईट मानते.

राज्यं, घराणी, जादूचे नियम यांत सुरुवातीला अडकू नका. नकाशा असेल तर त्याचा मोबाइलवर फोटो काढून ठेवा. प्रत्येक इंग्रजी शब्दासाठी डिक्शनरी काढलीत तर भीती पातळ होते; तोच शब्द परत परत आला तरच बघा.

सुरुवातीच्या पानांवर बऱ्याचदा लेखिकेची सूचना असते: हिंसा, जबरदस्ती, उघड शरीरसंबंध. ती वाचाच. यातली कित्येक पुस्तकं सरळसरळ मोठ्यांची असतात, मुखपृष्ठावर गुलाब असला तरी. शाळकरी मुलीला मी ती देत नाही; मूळ कथा देते.

बंद खोली आणि किल्ली दिसली तर फ्रेंच लेखक पेरोच्या 1697 च्या संग्रहातली निळ्या दाढीवाल्याची कथा गाठा. त्यातल्या किल्लीवरचा रक्ताचा डाग एका बाजूनं घासला की दुसऱ्या बाजूला उमटतो.

आणि पहिला भाग ऐन मोक्यावर तुटला, तर दुसरा लगेच मागवू नका. आधी पेन्सिलीनं लिहिलेली अट काढा आणि तिची मुदत संपलीय का ते बघा. संपली नसेल तरच पुढच्या भागाला पैसे घाला.