मोटोक्रॉसची गाडी घेताय? आधी इंजन कोण खोलणार ते ठरवा

पऱ्हाटी उपटून वावर मोकळं झालं की आर्णीच्या माझ्या गॅरेजात पोट्टे येतात, मातीच्या चढ-उतारावर पळवायची शर्यतीची गाडी हवी म्हणून. "काका, मोटोक्रॉसची गाडी घ्याची हाय. टू-स्ट्रोक घेऊ का फोर?" मी उलट विचारतो, "इंजन कोण खोलणार?" बहुतेक तिथंच गप्प होतात.

टू-स्ट्रोकमध्ये क्रँकच्या प्रत्येक फेरीला स्फोट होतो, फोर-स्ट्रोकमध्ये एकाआड एक. म्हणूनच शर्यतीत 125 सीसीची टू-स्ट्रोक आणि 250 सीसीची फोर-स्ट्रोक एकाच गटात धावतात. टू-स्ट्रोकला ना व्हॉल्व्ह (हवा आत घेणाऱ्या नि धूर सोडणाऱ्या झडपा), ना त्या उघडणारा कॅम, ना टायमिंग चेन. ती दहाएक किलो हलकी भरते. ज्यानं दूधवाल्यांच्या राजदूत खोलल्या, त्याला हिचा सिलिंडर उतरवायची भीती नाही. पिस्टन-रिंग हाताशी असेल तर सकाळी खोललेली गाडी संध्याकाळी वावरात. फोर-स्ट्रोकचा व्हॉल्व्ह गेला तर हेड, म्हणजे इंजनचा वरचा भाग, मोठ्या शहरात पाठवावं लागतं, आणि ते येईस्तोवर मिरग लागतो.

चालवायला मात्र नवशिक्याला फोर-स्ट्रोकच सोपी. कमी आरपीएमला ओढते, थ्रॉटल सोडला की इंजनच गाडी आवरतं. 125 टू-स्ट्रोक खाली मेल्यासारखी चालते आणि मग एकदम उसळते. काळ्या मातीच्या ओल्या पांदणीत तिचा क्लच सतत खेळवत राहावं लागतं. हात दुखतात बाप्पा!

जुनी फोर-स्ट्रोक घेताना मी स्वतः फसलो. पोचलो तेव्हा इंजन कोमट होतं, एका किकमध्ये सुरू झाली. मी खुश. दुसऱ्या दिवशी सकाळी थंड गाडीला चाळीस किका मारल्या, ढिम्म. वरचं कव्हर काढलं तर हवा आत घेणाऱ्या (इनटेक) व्हॉल्व्हच्या टॅपेटच्या फटीत फीलर गेजचं, म्हणजे फट मोजायच्या पात्यांमधलं, सगळ्यात पातळ पातंही शिरेना. व्हॉल्व्ह सीटमध्ये खचलेला. म्हणून विकणाऱ्याला आधीच फोन करा, "मी येईपर्यंत किक मारू नका," आणि गेल्या गेल्या इंजनावर तळहात ठेवा. गरम लागलं तर चहा प्या नि थंड होऊ द्या.

टू-स्ट्रोकचं दुखणं वेगळं. पेट्रोलमध्ये ऑइल अंदाजानं ओतू नका. पुस्तिकेत 40 ला 1 लिहिलं असेल तर लिटरला 25 मिलि. मी गुरांच्या औषधाची मोठी सिरिंज वापरतो, ढवळायला डबा हलवला की झालं. भाच्यानं एकदा साधंच पेट्रोल भरलं. दोन चकरांत गाडी जाम, पिस्टनवर उभे ओरखडे. हल्लीच्या पेट्रोलमधलं इथेनॉल पाणी ओढतं, म्हणून महिनाभर पडलेलं मिश्रणही वापरत नाही. आणि कार्बोरेटर असेल तर मे महिन्यात बसवलेली जेटिंग (पेट्रोल सोडणाऱ्या भोकांचं माप) डिसेंबरच्या सकाळी चालत नाही. थंड हवा घट्ट असते, हवा-पेट्रोलचं मिश्रण पातळ पडतं. प्लग काढून बघा. विटकरी-तपकिरी असेल तर ठीक, पांढराफटक असेल तर मुख्य भोकाची मेन जेट एक नंबर मोठी लावा.

दोन्हींचा एअर फिल्टर रोज धुवा. उन्हाळ्यात आमच्या वावराची धूळ पिठासारखी उडते. सर्व्हिस किलोमीटरवर नाही, इंजन चाललेल्या तासांवर मोजतात, म्हणून तासांचं मीटर बसवाच.

माझं मत विचाराल तर स्वतः पाना धरणाऱ्यानं टू-स्ट्रोक घ्यावी; ज्याला फक्त चालवायचं आहे आणि खिसा खोल आहे, त्यानं फोर. दोन्हींना ना हेडलाइट, ना नंबर, रस्त्यावर आणता येत नाही. तेव्हा घरून वावरापर्यंत छोट्या हत्तीचं भाडंही हिशेबात धरा.