एमएस्सी प्रकल्पासाठी संशोधन साहित्याचा आढावा कसा घ्यावा

जीवशास्त्राच्या बऱ्याच एमएस्सी प्रकल्प-अहवालांचे दुसरे प्रकरण एकाच साच्यातले असते. अमुक यांनी २०११ मध्ये हे केले, तमुक यांनी २०१३ मध्ये ते केले, आणखी कोणी २०१८ मध्ये आणखी काही केले, अशी यादी परिच्छेदामागून परिच्छेद चालू राहते, आणि प्रकरण संपले तरी विषयाबद्दल आज नेमके काय ठाऊक आहे, कशावर मतभेद आहेत आणि आपला प्रकल्प त्यात कुठे बसतो, हे वाचणाऱ्याला कळत नाही. विद्यार्थ्याने मेहनत घेतलेली असते, पेपरही वाचलेले असतात. पण आढाव्याचे एकक पेपर आहे असे तो धरून चालतो. आढाव्याचे एकक विधान असते. एखादे विधान कोणत्या पुराव्यावर उभे आहे आणि तो पुरावा किती भक्कम आहे, हे तपासत जाणे म्हणजे आढावा घेणे होय.

हे एका विषयाच्या आधाराने पाहू. बेडकांच्या त्वचेला बाधा करणारी ‘बॅट्रॅकोकायट्रियम डेंड्रोबॅटिडिस’ ही कायट्रिड बुरशी, जिला संशोधक सरसकट ‘बीडी’ म्हणतात, ऑस्ट्रेलिया आणि मध्य अमेरिकेतील बेडकांच्या मृत्यूंशी १९९८ मध्ये जोडली गेली आणि १९९९ मध्ये तिचे शास्त्रीय वर्णन प्रसिद्ध झाले. बुरशीमुळे त्वचेतून होणारी क्षारांची देवाणघेवाण बिघडते आणि शेवटी हृदय बंद पडते. पश्चिम घाटातील बेडकांतही ती आढळली आहे. अभ्यासासाठी हा विषय सोयीचा आहे, कारण यात भरपूर पेपर आहेत, पद्धती बदलत गेल्या आहेत आणि जाहीर वादही झाले आहेत.

पहिले काम म्हणजे विषयाचे प्रश्नात रूपांतर करणे. ‘बेडकांवरील कायट्रिड बुरशी’ हा विषय आहे. त्यावर शोध घेतल्यास एवढे पेपर पुढे येतात की विद्यार्थी पहिल्याच आठवड्यात दमतो. ‘पश्चिम घाटातील बेडकांत ही बुरशी कोणत्या पद्धतींनी शोधली गेली आणि त्या पद्धतींनी मिळालेली बाधेची प्रमाणे एकमेकांशी ताडून पाहता येतात का’ हा प्रश्न आहे, आणि कोणता पेपर घ्यायचा व कोणता सोडायचा हे तोच ठरवून देतो. प्रश्न पहिल्या दिवशी नेमका सुचेल अशी अपेक्षा ठेवू नये. अलीकडचा एखादा चांगला रिव्ह्यू पेपर वाचावा, त्यातून विषयाचा नकाशा समजून घ्यावा आणि मग प्रश्न लिहून गाईडला दाखवावा. मात्र रिव्ह्यू पेपरमधील वाक्ये मूळ पेपर न पाहता आपल्या प्रकरणात उतरवू नयेत. त्याचे कारण पुढे येईल.

शोध घेताना एकाच ठिकाणावर विसंबू नये. पब्मेड या ऑनलाइन सूचीत वैद्यकीय आणि जीवशास्त्रीय जर्नल्स चांगली सापडतात, पण प्राण्यांच्या वर्गीकरणावरील किंवा क्षेत्रीय नोंदींचे पेपर तिथे पुष्कळदा नसतात. त्यासाठी गूगल स्कॉलर, कोइम्बतूरहून निघणारे ‘जर्नल ऑफ थ्रेटन्ड टॅक्सा’ यांसारखी मुक्त जर्नल्स आणि भारतीय विद्यापीठांतील पीएचडी प्रबंधांसाठी शोधगंगा ही ठिकाणे धुंडाळावी लागतात. शब्द देताना समानार्थी शब्द ‘ऑर’ने आणि वेगळ्या संकल्पना ‘अँड’ने जोडाव्यात. जीवशास्त्रात आणखी एक अडचण असते आणि तिच्याकडे हमखास दुर्लक्ष होते, ती म्हणजे जातींची बदललेली नावे. आपल्याकडचा सर्वत्र दिसणारा भेक जुन्या पेपरांत ‘ब्युफो मेलानोस्टिक्टस’ या नावाने आहे आणि आता तो ‘डट्टाफ्रायनस मेलानोस्टिक्टस’ आहे. शेतातला मोठा बेडूक पूर्वी ‘राना टायग्रिना’ होता, आज ‘होप्लोबॅट्रॅकस टायगेरिनस’ आहे. २००६ च्या सुमारास उभयचरांच्या वर्गीकरणात मोठे फेरबदल झाले. केवळ आजच्या नावाने शोध घेणाऱ्याला त्याआधीची बरीच माहिती दिसतच नाही, आणि मग ‘या जातीवर काम झालेले नाही’ असे धाडसी वाक्य अहवालात येते.

शोधाची नोंदवही पहिल्या दिवसापासून ठेवावी. तारीख, कोणत्या ठिकाणी शोधले, नेमके कोणते शब्द दिले आणि किती पेपर आले, एवढ्या चार गोष्टी पुरतात. मिळालेल्या महत्त्वाच्या पेपरची संदर्भसूची पाहून मागे जावे आणि ‘साइटेड बाय’ (त्या पेपरचा संदर्भ देणाऱ्या नंतरच्या पेपरांची यादी) वापरून पुढे यावे. नवीन शोध घेऊनही तेच ते पेपर पुन्हा पुन्हा समोर येऊ लागले की शोध थांबवण्याची वेळ आली असे समजावे.

पेपर मिळवण्याचा प्रश्न पूर्वीपेक्षा सुकर झाला आहे. ‘वन नेशन वन सबस्क्रिप्शन’ ही योजना १ जानेवारी २०२५ पासून सुरू झाली असून तिच्यातून सरकारी उच्चशिक्षण संस्थांना सुमारे १३,००० जर्नल्स उपलब्ध होतात. आपले महाविद्यालय तिच्यात येते का, हे ग्रंथपालांना विचारावे. येत नसल्यास पूर्ण पेपर मोफत देणारे पब्मेड सेंट्रल पाहावे, गूगल स्कॉलरमध्ये त्या पेपरच्या सर्व आवृत्त्या उघडून पाहाव्यात, आणि तरीही न मिळाल्यास पत्रव्यवहारासाठी दिलेल्या लेखकाला तीन ओळींची नम्र ईमेल पाठवावी. बहुतेक लेखक पेपर आनंदाने पाठवतात.

निवडीचे निकष वाचन सुरू करण्यापूर्वी लिहून ठेवावेत, नाहीतर जे पटते तेच निवडले जाते. पद्धतशीर आढाव्यासाठी प्रिझ्मा नावाची २७ बाबींची तपासणी-सूची असून तिची सुधारित आवृत्ती २०२० ची आहे. एमएस्सीच्या प्रकल्पाला ती जशीच्या तशी लावण्याची गरज नसते. तरी किती पेपर सापडले, किती वगळले आणि का वगळले, एवढा हिशेब दिला तर परीक्षकाचे अर्धे प्रश्न मिटतात.

आता वाचनाकडे येऊ, कारण खरा वेळ इथेच द्यायचा असतो. सारांश वाचून पेपर वाचल्याचे समाधान मानण्याची सवय फार पसरलेली आहे. सारांश म्हणजे लेखकांनी स्वतःच्या कामाबद्दल दिलेला सर्वांत अनुकूल निर्वाळा असतो. त्यानंतर थेट आकृत्या आणि तक्ते पाहावेत, त्यांतून आपण स्वतः काय निष्कर्ष काढला असता ते ठरवावे, मग पद्धतींचा भाग सावकाश वाचावा आणि लेखकांची चर्चा सर्वांत शेवटी वाचावी.

पद्धतींच्या भागात काय पाहायचे, हे आपल्या उदाहरणात स्पष्ट दिसते. बीडी शोधण्यासाठी काही अभ्यासांत त्वचेचे काप सूक्ष्मदर्शकाखाली तपासले आहेत, काहींत त्वचेवरून स्वॅब घेऊन नेस्टेड पीसीआर (बुरशीच्या डीएनएच्या प्रती दोन टप्प्यांत वाढवून ती ओळखण्याची चाचणी) केला आहे, तर काहींत क्यूपीसीआर (डीएनए किती आहे हेही मोजणारा पीसीआर) वापरला आहे. सूक्ष्मदर्शकाखाली हलकी बाधा सुटून जाते. नेस्टेड पीसीआर अतिशय संवेदनशील असतो, पण दोन टप्प्यांमुळे त्यात दूषितीकरणाचा धोका वाढतो. म्हणून ऋण नियंत्रण नमुने, म्हणजे बुरशीचा डीएनए नसलेले नमुने, ठेवले होते का, हे शोधावे. क्यूपीसीआर बुरशीचा भार मोजतो, परंतु बुरशीच्या डीएनएच्या ज्या आयटीएस नावाच्या भागावर ही चाचणी आधारलेली असते त्याच्या प्रतींची संख्या बुरशीच्या वाणागणिक बदलते, त्यामुळे दोन प्रदेशांतील भाराचे आकडे शेजारी ठेवून तुलना करणे जोखमीचे असते. ऋतूही पाहावा. ही बुरशी साधारण १७ ते २५ अंश सेल्सिअसला उत्तम वाढते, म्हणून मे महिन्यात पठारावर घेतलेले नमुने आणि पावसाळ्यात घाटमाथ्यावर घेतलेले नमुने एकाच मापाने मोजता येत नाहीत.

नमुन्यांच्या संख्येबद्दल एक साधा हिशेब प्रत्येकाने शिकून घ्यावा. एखाद्या पेपरमध्ये ३० बेडूक तपासले आणि एकातही बुरशी आढळली नाही, असे समजा. त्यावरून ‘या ठिकाणी बुरशी नाही’ असे लिहिणे चूक आहे. शून्य आढळ असताना बाधेच्या खऱ्या प्रमाणाची ९५ टक्के विश्वासाची वरची मर्यादा साधारणपणे ३ ला नमुन्यांच्या संख्येने भागून मिळते. म्हणजे इथे ती सुमारे १० टक्के येते. याचा अर्थ दहांतील एका बेडकाला बाधा असूनही ती या ३० नमुन्यांत न दिसणे अगदीच अशक्य नव्हते, आणि इथे चाचणी अचूक आहे असेही आपण धरले आहे. हा हिशेब वहीच्या कडेला मांडला की ‘बाधा नाही’ असे म्हणणारे कितीतरी पेपर प्रत्यक्षात ‘फार तपासले नाही’ एवढेच सांगतात, हे ध्यानात येते.

विधानाच्या मुळापर्यंत जाण्याचा आग्रह का धरायचा, याची दोन उदाहरणे याच विषयात आहेत. पहिले बुरशीच्या उगमाचे. २००४ मध्ये आफ्रिकेतील ‘झेनोपस’ बेडकांच्या संग्रहालयीन नमुन्यांवरून, ज्यांतील सर्वांत जुना बाधित नमुना १९३८ चा होता, बुरशी आफ्रिकेतून जगभर पसरली असावी असे मांडले गेले. या बेडकांचा गर्भधारणा-चाचणीसाठी मोठा व्यापार होत असे, त्यामुळे हे गृहीतक पटण्यासारखे होते आणि ते पेपरांपेपरांतून पुढे जात राहिले. नंतर अमेरिकेतील इलिनॉय राज्यातल्या १८८८ च्या नमुन्यातही बुरशी आढळली, आणि २०१८ मध्ये जगभरातील वाणांच्या जीनोमची तुलना करून उगम पूर्व आशियात असल्याचे दाखवण्यात आले. २०१० च्या रिव्ह्यू पेपरवर विसंबणारा विद्यार्थी आजही आफ्रिकेचेच नाव लिहील, आणि त्याने दिलेला संदर्भ तांत्रिकदृष्ट्या बरोबरच असेल.

दुसरे उदाहरण आकड्याचे आहे. २०१९ मध्ये ‘सायन्स’मधील एका विश्लेषणाने कायट्रिड बुरशीमुळे उभयचरांच्या किमान ५०१ जातींची संख्या घटली आणि त्यांपैकी ९० जाती नष्ट झाल्या असाव्यात, असे म्हटले. हे आकडे आता जवळजवळ प्रत्येक पेपरच्या पहिल्या परिच्छेदात भेटतात. त्याच जर्नलमध्ये २०२० मध्ये दुसऱ्या गटाने आक्षेप घेतला की यांतील अनेक जातींच्या बाबतीत बुरशीच कारण असल्याचा पुरावा अपुरा आहे आणि विश्लेषण पुन्हा करून पाहता येत नाही. मूळ लेखकांनी त्याला उत्तर देऊन आपला निष्कर्ष कायम ठेवला. आढाव्यात ५०१ हा आकडा देण्यास हरकत नाही, पण तो देताना ‘असा अंदाज २०१९ मध्ये मांडला गेला, त्याच्या पुराव्याबद्दल २०२० मध्ये आक्षेप घेतले गेले आणि मूळ लेखकांनी ते अमान्य केले’ हे लिहिणे आवश्यक आहे. म्हणून प्रत्येक महत्त्वाच्या पेपरच्या पानावर त्याच्याशी जोडलेले आक्षेप, दुरुस्त्या किंवा माघार यांचे दुवे पाहण्याची शिस्त लावून घ्यावी. माघारी घेतलेल्या पेपरांची ‘रिट्रॅक्शन वॉच’ची सूची क्रॉसरेफ या संदर्भ-नोंदणी संस्थेमार्फत विनामूल्य पाहता येते.

वाचलेले टिपताना झोटेरोसारख्या मोफत सॉफ्टवेअरमध्ये संदर्भ साठवावेत आणि त्याच्या जोडीला एक एक्सेल तक्ता करावा. तक्त्यात ठिकाण, ऋतू, जाती, नमुन्यांची संख्या, शोधपद्धती, नियंत्रण नमुने, निष्कर्ष आणि ‘माझी शंका’ असे रकाने ठेवावेत. शेवटचा रकाना रिकामा राहत असेल तर वाचन घाईत झाले आहे असे समजावे. टिपण शक्यतो मराठीत करावे, असे मी आग्रहाने सुचवीन. इंग्रजी पेपरवरून इंग्रजी टिपण करताना मूळ वाक्ये नकळत जशीच्या तशी उतरतात. मराठीत लिहायचे म्हटले की अर्थ कळल्याशिवाय पेन पुढे सरकत नाही. युजीसीच्या वाङ्मयचौर्याबद्दलच्या २०१८ च्या नियमांनुसार इतरांच्या मजकुराशी १० टक्क्यांपर्यंतच्या साम्याला शिक्षा नाही, म्हणून पुष्कळ विद्यार्थी शब्द इकडचे तिकडे करून तो टक्का खाली आणण्यातच दिवस घालवतात. स्वतःच्या टिपणावरून लिहिणाऱ्याला त्या आकड्याची काळजी करावी लागत नाही. एआय साधनांकडून संदर्भ मागवल्यास प्रत्येकाचा डीओआय (पेपरचा कायमचा ऑनलाइन ओळखक्रमांक) उघडून पाहावा, कारण अस्तित्वात नसलेले पेपर खरी वाटावीत अशा नावांनिशी तयार करून देणे त्यांच्या हातून घडते.

लेखनाला बसताना तक्ता पेपरांच्या क्रमाने न वाचता रकान्यांच्या दिशेने, वरून खाली वाचावा. परिच्छेद तिथूनच मिळतात. परिच्छेदाचे पहिले वाक्य विधानाचे असावे आणि पेपर त्याच्या पाठीशी यावेत. उदाहरणार्थ: ‘भारतातील बेडकांत बीडीची उपस्थिती निश्चित झाली आहे, मात्र बाधेच्या प्रमाणाबद्दल एकवाक्यता नाही. पश्चिम घाटाच्या उत्तर भागातील २०१३ च्या अभ्यासाने नेस्टेड पीसीआरच्या आधारे धोक्यातील व प्रदेशनिष्ठ जातींत बाधा नोंदवली, तर २०१८ च्या अभ्यासात आयटीएस प्रकारांचे वैविध्य मोठे, पण बाधेचे प्रमाण कमी आढळले. ठिकाणे, ऋतू आणि चाचण्या वेगळ्या असल्यामुळे हा फरक खरा आहे की पद्धतीतून आलेला आहे, हे या दोन अभ्यासांवरून ठरवता येत नाही.’ या परिच्छेदातील शेवटच्या वाक्यातूनच पुढच्या प्रकल्पाचे काम निघते, कारण एकाच नमुन्यावर दोन्ही चाचण्या करून पाहणे हे एका विद्यार्थ्याच्या आवाक्यातले आहे.

अहवाल सादर करण्याच्या पंधरवडाभर आधी नोंदवहीतील शोध त्याच शब्दांनी पुन्हा चालवावा, दरम्यान आलेले पेपर तक्त्यात भरावेत आणि प्रकरणाच्या सुरुवातीला शोध घेतल्याची शेवटची तारीख लिहावी.