प्रोस्टेटला सूज आलीय म्हणजे नक्की काय, आणि गोळ्या सुरू करण्याआधी काय काय करायचं

एकीला गेलं की जळजळतंय, धार बारीक झालीय, रात्री दोन-तीनदा उठावं लागतंय आणि खुर्चीत अर्धा तास बसलं की खाली लिंबावर बसल्यासारखं वाटतंय. असं काही होत असेल तर हे शेवटपर्यंत वाचा. आपल्याकडे याला सरसकट उन्हाळी लागली म्हणतात, मग धने-जिऱ्याचं पाणी, सब्जा, वाळा सगळं सुरू होतं. साधी उन्हाळी असेल तर ती पाणी वाढवल्यावर एक-दोन दिवसांत उतरते. आठवडा झाला तरी उतरत नसेल, किंवा उतरून पुन्हा येत असेल, तर प्रोस्टेटचा विचार करायलाच हवा.

मला हे सगळं चौतिसाव्या वर्षी सुरू झालं. आठ महिन्यांत तीन वेळा अँटिबायोटिकचे कोर्स घेतले, प्रत्येक वेळी चार दिवस बरं वाटायचं आणि परत तेच, आणि त्या तिन्ही वेळा माझी लघवी एकदाही तपासलेली नव्हती. म्हणून हा लेख लिहितोय, कारण माझ्यासारखेच फिरत राहणारे खूप जण आहेत आणि त्यातल्या बऱ्याच जणांना त्या गोळ्यांची गरजच नसते.

पहिली पायरी : ही ग्रंथी कुठे असते ते समजून घ्या

प्रोस्टेट म्हणजे मराठी पुस्तकातली पुरस्थ ग्रंथी, काही जण पौरुषग्रंथीही म्हणतात. तरुण माणसात ती अक्रोडाएवढी, साधारण 20 ग्रॅमची असते. मूत्राशयाच्या तोंडाशी ती बसलेली असते आणि लघवीची नळी तिच्या मधोमध जाते, त्यामुळे तिला सूज आली की नळी आवळली जाते. वीर्यातल्या पातळ भागाचा काही हिस्सा ती बनवते, म्हणून वीर्य पडताना दुखणं हेही तिच्या सुजेचं लक्षण असू शकतं.

इथे एक गोष्ट नीट लक्षात घ्या. प्रोस्टेटची सूज, वयानुसार होणारी वाढ आणि कॅन्सर ही तीन वेगवेगळी दुखणी आहेत. सोनोग्राफीच्या रिपोर्टमध्ये प्रोस्टेट थोडी मोठी दिसली की घरातले सगळे घाबरतात, पण वाढ हा बहुतेक करून पन्नाशीनंतरचा विषय आहे. पन्नाशीच्या आतल्या पुरुषांत प्रोस्टेटचं दुखणं निघालं तर ते बहुतेक वेळा सुजेचंच असतं.

दुसरी पायरी : आज रात्रीच दवाखान्यात जायचंय का ते ठरवा

हुडहुडी भरून ताप आलाय, कंबर आणि ओटीपोट दुखतंय, लघवीला भयंकर आग होतेय किंवा लघवी तुंबलीच आहे, तर सकाळची वाट बघू नका. हा जंतूंमुळे झालेला तीव्र प्रकार असतो आणि जंतू रक्तात पसरायला वेळ लागत नाही. दवाखान्यात रक्त आणि लघवी तपासायला घेतात, शिरेतून अँटिबायोटिक सुरू करतात, लघवी तुंबली असेल तर नळी घालतात, क्वचित ओटीपोटातूनही घालावी लागते. डायबेटिस असलेल्यांनी तर अजिबात अंगावर काढू नये, कारण त्यांच्यात प्रोस्टेटमध्ये पू होण्याची भीती जास्त. औषध सुरू होऊन दोन-तीन दिवस झाले तरी ताप हटत नसेल तर डॉक्टरांना पू झालाय का असं स्पष्ट विचारा, सोनोग्राफी किंवा सीटी स्कॅनमध्ये तो दिसतो आणि मग तो काढावाच लागू शकतो.

आणि ताप असताना प्रोस्टेटचा मसाज कुणालाही करू देऊ नका. डॉक्टर गुदद्वारातून बोटाने हलक्या हाताने तपासतील, ते ठीक आहे, दहा-पंधरा सेकंदांचं काम असतं. पण सुजलेली ग्रंथी चोळली तर जंतू थेट रक्तात जाऊ शकतात.

तिसरी पायरी : आपला प्रकार कोणता ते शोधा

1995 साली अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेने या दुखण्याचे चार प्रकार ठरवले, डॉक्टर अजून तेच वापरतात. पहिला वर सांगितला तो, तापाचा. दुसरा जंतूंचाच पण जुनाट, यात तोच जंतू पुन्हा पुन्हा लघवीत सापडतो, बहुतेक वेळा ई-कोलाय, म्हणजे आतड्यात राहणारा. तिसऱ्या प्रकारात दुखणं तीन महिन्यांहून जास्त रेंगाळलेलं असतं आणि कितीही तपासलं तरी जंतू सापडत नाही. चौथ्यात काहीच त्रास नसतो, दुसऱ्या कशासाठी तपासणी करताना सूज दिसते, त्याला औषध लागत नाही.

या चारांत सगळ्यात जास्त आढळतो तो तिसरा, दहातले नऊ रुग्ण साधारण यातलेच. आणि आपल्याकडे सगळ्यांना औषध मात्र पहिल्या-दुसऱ्याचं मिळतं, गोंधळ होतो तो इथेच.

चौथी पायरी : आधी लघवी कल्चरला (लॅबमध्ये जंतू वाढवून ओळखायच्या तपासणीला) द्या, मग अँटिबायोटिक

हे मी ठळक अक्षरात लिहून दवाखान्याच्या दारावर लावलं असतं. एकदा गोळी पोटात गेली की कल्चरमध्ये जंतू दिसेनासे होतात आणि मग कुणालाच कळत नाही की जंतू होते की नव्हते. (तीव्र तापात सुद्धा नमुना घ्यायला पाच मिनिटं लागतात, तो घेऊनच सुई लावता येते.)

नमुना नीट देणं महत्त्वाचं, आणि ते लॅबवाला सांगतोच असं नाही. लॅबमधून निर्जंतुक डबी घ्या, घरची धुतलेली बाटली चालत नाही. हात धुवा, पुढची कातडी मागे सरकवून पाण्याने साफ करा. सुरुवातीची लघवी संडासात सोडा, मग धार न तोडता मधली लघवी डबीत घ्या, उरलेली परत संडासात. डबीच्या आत आणि झाकणाच्या आतल्या बाजूला बोट लावू नका. तासाभरात लॅबमध्ये पोचवा, जमत नसेल तर फ्रिजमध्ये ठेवा. रिपोर्ट यायला दोन-तीन दिवस लागतात. त्यात जंतूचं नाव आणि खाली औषधांची यादी असते, ज्याच्यासमोर एस ते लागू पडणारं, आर म्हणजे त्या जंतूवर ते चालत नाही. आपल्या देशात सिप्रोफ्लॉक्सॅसिन इतकं वापरलं गेलंय की बऱ्याच ई-कोलायवर ते आता चालतच नाही, म्हणून ही यादी बघितल्याशिवाय अंदाजाने लांबलचक कोर्स घेण्यात अर्थ नाही.

जुनाट त्रासात युरॉलॉजिस्ट, म्हणजे लघवीच्या आजारांचे डॉक्टर, दोन नमुने घेऊ शकतात, एक आधी आणि एक प्रोस्टेट हलकी दाबल्यानंतर. दुसऱ्यात जंतू किंवा पेशी जास्त निघाल्या तर मूळ प्रोस्टेटमध्ये आहे असं समजतं. सोबत सोनोग्राफी करतात, लघवी करून आल्यावर मूत्राशयात किती उरली तेही बघायला सांगा. पीएसए ही प्रोस्टेटमध्ये बनणाऱ्या प्रथिनाची रक्ताची टेस्ट मात्र सुजेच्या ऐन भरात करू नका, सुजेनेच आकडा वाढतो आणि कॅन्सरची उगाच धास्ती बसते, बरं झाल्यावर सहा-आठ आठवड्यांनी करा.

पाचवी पायरी : जंतू निघाले तर औषध पुरतं घ्या

प्रोस्टेटमध्ये औषध सहजासहजी शिरत नाही, म्हणून कोर्स लांब असतो. तीव्र प्रकारात दोन ते चार आठवडे, जुनाट जंतूंच्या प्रकारात चार ते सहा. पाचव्या दिवशी आग थांबली म्हणून गोळी बंद केली की उरलेले जंतू परत डोकं वर काढतात. लिव्होफ्लॉक्सॅसिन, सिप्रोफ्लॉक्सॅसिन, को-ट्रायमॉक्साझोल ही आत शिरणारी औषधं. लघवीच्या इन्फेक्शनला सर्रास मिळणारं नायट्रोफ्युरँटॉइन मात्र मूत्राशयापुरतंच चांगलं, प्रोस्टेटमध्ये ते पोचत नाही. लिव्होफ्लॉक्सॅसिन-सिप्रोफ्लॉक्सॅसिन घेताना टाचेमागचा कंडरा (स्नायू हाडाला जोडणारी दोरी) दुखायला लागला तर लगेच थांबून डॉक्टरांना सांगा, तो तुटल्याची उदाहरणं आहेत. शिवाय लिव्होफ्लॉक्सॅसिन टीबीवरही चालतं, त्यामुळे मनानेच वारंवार घेतलं तर आतला टीबी झाकला जाऊ शकतो, आणि आपल्याकडे टीबी प्रोस्टेटलाही होतो.

सहावी पायरी : जंतू नाहीत असं निघालं तर

माझा रिपोर्ट असाच आला. आधी राग आला, एवढं दुखतंय आणि रिपोर्ट क्लिअर कसा. पण युरॉलॉजिस्टनी समजावलं की दुखणं खरंच आहे, फक्त ते जंतूंचं नाही. ओटीपोटाच्या तळाला स्नायूंची एक झोळी असते, मूत्राशय, प्रोस्टेट, आतड्याचा शेवट सगळं तिच्यावर टेकलेलं असतं, आणि ताण, तासन्‌तास बसणं, लघवी दाबून धरणं यांनी ती झोळी आखडून बसते. मग जळजळ, कळ, अंडकोषात ओढ, सगळं होतं. म्हणून उपचारही माणसागणिक वेगळा करतात. कुणाची धार अडखळते त्याला टॅम्सुलोसिन देतात, बहुधा 0.4 मिलिग्रॅमची एक गोळी, ती घेतल्यावर झटकन उभं राहिलं तर चक्कर येते आणि वीर्य कमी पडतं, गोळी बंद केल्यावर ते पूर्ववत होतं. दुखण्यासाठी काही दिवस सुजेची गोळी, पण ॲसिडिटी, बीपी किंवा किडनीचा त्रास असेल तर विचारूनच. कुणाला झोप आणि चिंतेसाठी मदत लागते, त्यात लाज काहीच नाही.

घरी मला सगळ्यात जास्त फरक दोन गोष्टींनी पडला. एक, प्लास्टिकच्या मोठ्या घमेल्यात कोमट पाणी घेऊन त्यात कमरेपर्यंत दहा-पंधरा मिनिटं बसणं, रोज रात्री. पाणी हाताच्या कोपराला सोसेल एवढंच गरम. दुसरी फिजिओथेरपिस्टनी शिकवलेली श्वासाची पद्धत. उताणं झोपायचं, गुडघे दुमडायचे, एक हात पोटावर. श्वास घेताना पोट वर येऊ द्यायचं आणि त्याच वेळी लघवी सुरू करताना जसं खालचं सगळं सैल सोडतो तसं सोडायचं, जोर लावायचा नाही, कुंथायचं नाही. पहिले आठ दिवस मला सैल म्हणजे काय तेच कळेना, नकळत आवळतच होतो. नंतर एके दिवशी खालची पकड सुटल्याचं स्पष्ट जाणवलं. पाच-पाच मिनिटं, सकाळ-संध्याकाळ. मोबाईलवर बघून आवळण्याचे व्यायाम मात्र स्वतःहून करू नका, आधीच आखडलेल्या स्नायूंना ते आणखी दुखवतात.

बाकी चहा-कॉफी, दारू, झणझणीत तिखट यातलं कशाने वाढतं ते एकेक बंद करून बघा. तासाला एकदा उठा, लघवी दाबू नका, बद्धकोष्ठ होऊ देऊ नका, सायकल काही आठवडे बाजूला ठेवा. सुधारायला महिने लागतात, आणि मधेच एखादा आठवडा वाईट जातो.

सातवी पायरी : जे विचारायला लाज वाटते ते

बायकोजवळ गेलं तर चालतं का? ताप आणि तीव्र दुखणं ओसरल्यावर चालतं, जंतू नसलेला प्रकार तिला लागत नाही. लैंगिक आजार निघाला असेल तर मात्र दोघांनीही उपचार घ्यायचे आणि तोवर थांबायचं. लघवीसोबत पांढरं गेलं की धात जाते, अशक्तपणा येतो असं समजून पोरं गुप्तरोगवाल्यांकडे जातात, रेल्वेलाइनच्या भिंती त्यांच्या जाहिरातींनी भरलेल्या आहेत. वीर्य गेल्याने माणूस खंगत नाही. तिथे पैसे जातात आणि खरी तपासणी महिनोन्‌महिने लांबते, याचं मला फार वाईट वाटतं. सुजेचं पुढे कॅन्सरमध्ये रूपांतर होतंच असंही नाही, पण लघवीत किंवा वीर्यात रक्त दिसलं तर तपासून घ्याच.

डॉक्टरकडे जाताना आठवडाभराची नोंद न्या, दिवसातून किती वेळा गेलो, रात्री किती वेळा उठलो, कुठे दुखतं, दहापैकी किती. आणि जागेचं नाव घ्यायला जड जात असेल तर एका कागदावर लिहा : लघवीची जागा आणि शौचाची जागा यांच्यामध्ये दुखतं, वीर्य पडताना दुखतं. केबिनमध्ये कंपाउंडर उभा असायचा म्हणून एवढं बोलायला मला आठ महिने लागले. शेवटी कागदच डॉक्टरांच्या हातात दिला, त्यांनी वाचला आणि कंपाउंडरला बाहेर जायला सांगितलं.