पहिली-दुसरीच्या मुलांना इंजिनिअरिंग डिझाईन कसं शिकवायचं? कागदाचा पूल करून बघा

इंजिनिअरिंग म्हटलं की आपल्याला थेट बारावी न सीईटी आठवते, पण सहा-सात वर्षांच्या पोरांबरोबर हे मस्त जमतं आणि खर्च जवळपास काहीच नाही. बोस्टनच्या म्युझियम ऑफ सायन्सने प्राथमिक शाळेसाठी जो कोर्स तयार केला त्यात पाच पायऱ्या आहेत: विचारा, कल्पना लढवा, प्लॅन करा, बनवा, सुधारा. आपण त्याच क्रमाने जाऊ.

सामान: ए4 कागद (पाठकोरे चालतात), पुस्तकं, फूटपट्टी आणि एक रुपयाची नाणी. नाणी एकाच प्रकारची घ्या, जुनी-नवी मिक्स केली तर वजन वेगवेगळं येतं.

आधी प्रॉब्लेम सांगा. पुस्तकांचे सारख्या उंचीचे दोन गठ्ठे, मध्ये 20 सेंटिमीटर नदी. एकाच कागदाचा पूल, डिंक-टेप काही नाही, नाणी मधोमध ठेवायची. नियम फळ्यावर लिहाच, कारण मुलं त्यावरून वाद घालणार, आणि घालू दे, दिलेल्या अटीत बसवणं हेच तर खरं काम आहे.

मग चित्र. कागदाला हात लावायच्या आधी प्रत्येकाने आपला पूल काढायचा, नंतर जोडीतल्या दोघांनी बोलून एक निवडायचा. लिहिता येत नसेल तरी हरकत नाही.

आता बनवू द्या, आणि इथे प्लीज घडी घालून दाखवू नका. सपाट कागदाला लगेच झोळ पडतो, नाणी खाली, मोठा आवाज, सगळे हसतात. तेव्हा फक्त विचारा, "आधी कुठे वाकला?" कोणीतरी दोन्ही कडा उभ्या करेल, कोणीतरी पंख्यासारख्या बारीक घड्या घालेल, त्यातही घड्या आडव्या घातल्या तर पूल परत बसतो, त्या या काठापासून त्या काठापर्यंत जायला हव्यात, पण हे त्यांनाच सापडू दे.

सगळ्यात जास्त वेळ सुधारण्याला द्या, निम्मा तास तरी. एका वेळी एकच बदल, नाहीतर कशाने फरक पडला ते कळत नाही. घड्यांचा पूल बरीच नाणी पेलतो पण वजनाने बाजूला पसरतो, मग कोणी घड्या रुंद करतं, कोणी कडा आत दुमडतं. किती नाणी टिकली ते प्रत्येक जोडीच्या नावापुढे लिहा, मात्र तुलना त्यांच्याच आधीच्या पुलाशी करा. वर्गात पहिला नंबर वगैरे नको, त्याने हरलेली जोडी प्रयोगच सोडून देते.

शेवटी बाहेर नेऊन पन्हाळी पत्रा दाखवा. कागद तोच, पण घड्यांमुळे उंची आली म्हणून सहज वाकत नाही, एवढं सांगितलं की पुरे. पुढच्या वेळी नदी 25 सेंटिमीटर करा, तेव्हा कागद काठावर जेमतेम टेकतो आणि सगळं नव्याने जुळवावं लागतं.