आधी माती, मग रोपं: इंदूरच्या अंगणातली वसंताची तयारी

वसंतपंचमी झाली की नर्सरीत टोमॅटो-वांग्यांच्या रोपांचे ट्रे लागतात आणि घेण्याचा मोह होतोच. माझं कळकळीचं सांगणं आहे, रोपं अजून थोडे दिवस तिथेच राहू द्या. आपल्या इंदुरात वसंत फार थोडा असतो. वसंतपंचमी ते रंगपंचमी, पंचांगाच्या हिशेबाने दीड महिना. सुरुवातीला पहाटे शाल लागते आणि गेरचा, म्हणजे रंगपंचमीच्या मिरवणुकीचा, रंग अंगावरून निघेपर्यंत दुपारचं ऊन चटके द्यायला लागतं. एवढ्या दिवसांत रोपाचं मूळ खोल गेलं, तर ते मे महिन्यातली चाळिशी पार केलेली दुपार सोसतं. वरच राहिलं, तर कितीही पाणी घाला, ते दुपारी मान टाकतं. आणि मूळ खोल जाण्यासाठी माती तयार लागते.

मी कामं अशी लावते: वसंतपंचमी ते महाशिवरात्र माती, खत आणि छाटणी. शिवरात्र ते होळी पेरणी आणि लावणी. होळी ते रंगपंचमी आच्छादन. राजेंद्रनगरला आमच्या घरामागे काळ्या मातीची एक चिंचोळी पट्टी आहे आणि वर गच्ची. दोन्हीकडे हाच क्रम चालतो.

काळी माती खणायची कधी

माळव्याची माती बसाल्ट खडकाची. तिच्यातले बारीक चिकण कण पाणी प्यायले की फुगतात, सुकले की आकसतात. उन्हाळ्यात अंगणात बोटभर रुंद भेगा पडतात त्या यामुळेच. ही माती कसदार आहे, पाणी धरून ठेवते, पण तिला हात लावायची वेळ चुकली की ती वर्षभर त्रास देते. ओली असताना फावडं घातलं, तर चकचकीत काप निघतात आणि उन्हात त्यांची दगडासारखी ढेकळं होतात. अगदी कोरडी असताना कुदळ मारली, तर ती उडून परत येते. मधल्या वाफशावरच खणायचं.

वाफसा बघायचा तो हाताने. खुरप्याने वीतभर खोलवरची माती काढा, वरची नको, ती नेहमी सुकलेली दिसते. मूठभर माती घट्ट दाबा. बोटांच्या फटींतून चिखल निघाला किंवा तळव्याला काळा लेप राहिला, तर दोन दिवस थांबा आणि तोवर त्या जागेवर चालूही नका. गोळा झाला आणि कमरेच्या उंचीवरून सोडल्यावर जमिनीवर चार-सहा तुकड्यांत फुटला, तर त्याच दिवशी काम सुरू करा. गोळा वळलाच नाही, तर आधी सावकाश भरपूर पाणी द्या. काळी माती पाणी हळूहळू पिते, त्यामुळे फेब्रुवारीत चौथ्या-पाचव्या दिवशी पुन्हा मूठ दाबून बघायला लागतं.

खणताना फावडंभर खोल जा, पण माती पालथी घालायची हौस नको. खालची जड माती वर आणण्यात काही लाभ नाही, ती नुसती सैल करायची. याच वेळी हरळी आणि मोथा काढून घ्यायचा. मोथा वरून उपटला की दोऱ्यासारखा धागा तुटतो आणि हरभऱ्याएवढी काळपट गाठ खालीच राहते. पहिल्या पावसात तीच पुन्हा उगवते. म्हणून धाग्याच्या मागे मागे खुरपं न्यायचं, गाठ हाताला लागेपर्यंत. हे काम कंटाळवाणं आहे, पण आत्ता जमीन मोकळी असताना जेवढं होतं तेवढं जुलैत होत नाही. त्या गाठी खताच्या खड्ड्यात टाकू नका, उन्हात वाळवून कचऱ्यात द्या.

मग खणलेल्या मातीवर दोन बोटं जाड कुजलेल्या खताचा थर द्यायचा आणि वरच्या वीतभर मातीत मिसळायचा. काळी माती मोकळी व्हावी म्हणून एक-दोन तगाऱ्या वाळू टाकतात. त्याने काही होत नाही, उलट माती आणखी घट्ट बसते. तिला मोकळं करतं ते खत, दरवर्षी थोडं थोडं. वाफा चार बोटं उंच ठेवा. उन्हाळ्यात त्याची गरज वाटणार नाही, पण आत्ता लावलेली वांगी पावसाळ्यातही उभी असतात आणि काळ्या मातीत पाणी तुंबलं की मुळं कुजतात.

खत

इंदूरकरांना कंपोस्ट विकत आणायला लागावं, याचं मला फार वाईट वाटतं. जगभर कंपोस्टच्या ज्या पद्धतीला इंदूर पद्धत म्हणतात, ती याच शहरात घडली. ब्रिटिश शेतीशास्त्रज्ञ अल्बर्ट हॉवर्ड १९२४ पासून १९३१ पर्यंत इथल्या इन्स्टिट्यूट ऑफ प्लांट इंडस्ट्रीत होते आणि यशवंत वाड हे त्यांचे सहकारी होते. माळव्यातले शेतकरी जाळून टाकत होते तो पालापाचोळा, शेण आणि गुरांच्या मुताने भिजलेली माती थरांनी रचून, मधूनमधून उलथून, साधारण तीन महिन्यांत खत कसं होतं हे त्यांनी पद्धतशीर मांडलं.

घरी त्याचं छोटं रूप सहज जमतं. सावलीत विटांची जाळी करून तीन फूट लांब, तीन फूट रुंद चौकट बांधा. तळाला काटक्या. वर वीतभर सुका पाला, त्यावर स्वयंपाकघरातला ओला कचरा, त्यावर पातळ शेणकाला आणि मूठभर जुनं खत किंवा माती, मग पुन्हा सुका पाला. सुकं नेहमी ओल्यापेक्षा बरंच जास्त हवं, दुप्पट-तिप्पट. ढीग हाताने दाबला की बोटं ओली व्हावीत, पण पाणी टपकू नये. साधारण पंधरा दिवसांनी, मग महिना झाल्यावर, मग दोन महिने झाल्यावर ढीग वरचा खाली करून उलथायचा. वास येऊ लागला, तर ओलं जास्त झालंय, सुका पाला घाला. नुसताच पडून राहिला, गरम झाला नाही, तर कोरडा पडलाय.

ओला-सुका वेगळा ठेवायची सवय आपल्या घराघरांत आहेच, त्यामुळे अर्धं काम झालेलं असतं. या दिवसांत मटाराची टरफलं ढिगाने निघतात, ती गाडीत द्यायच्या आधी खड्ड्याचा विचार करा. आणि फेब्रुवारी-मार्चमध्ये कडुनिंबाची पानगळ होते. सकाळी रस्ते झाडतात तेव्हा त्या पिवळ्या पाल्याची पोती भरून ठेवा, वर्षभर पुरतात. आत्ता रचलेला ढीग मेपर्यंत तयार होतो. यंदाच्या वाफ्यांसाठी मात्र जुनं शेणखत किंवा गांडूळखत आणावं लागेल. शेणखत हातात घेऊन वास घ्या. पावसानंतरच्या मातीसारखा वास हवा, शेणाचा यायला नको. कच्चं शेणखत मुळं जाळतं आणि वाळवी आणतं.

होळीची राख बऱ्याच घरी झाडांना घालतात. राखेत पालाश असतं हे खरं, पण आपली माती आधीच अल्कधर्मी आणि चुनखडीची, राख तिला त्याच बाजूला आणखी ढकलते. राख कुंड्यांत न घालता खताच्या ढिगात थरांमधून पातळ भुरभुरावी. हॉवर्डच्या पद्धतीतही ती तिथेच होती.

छाटणी

चैत्रातल्या हळदीकुंकवाला घरचा मोगरा हवा असेल, तर त्याची कात्री आत्ता चालते. जानेवारीच्या अखेरीपासून मोगऱ्याचं पाणी आठ-दहा दिवस तोडा. पानं मलूल पिवळट झाली की झाड गुडघ्याएवढं ठेवून वरचं कापा. वाळलेल्या काड्या आणि एकमेकींत अडकलेल्या बारीक फांद्या पार मुळाशी. राहिलेली पानं हाताने हलकेच काढा, म्हणजे पेरांवरचे डोळे दुखावत नाहीत. मग बुंध्याभोवतीची माती दोन बोटं खरवडून दोन-तीन दिवस उन्हात तापू द्या, खत घाला आणि भरपूर पाणी. काही दिवसांत प्रत्येक पेरावर तांबूस-हिरवे कोंब दिसतात. कळ्या त्या नव्या फुटीवरच येतात. मोगरा फुलत नाही अशी तक्रार घेऊन येणाऱ्यांचं झाड मी बघते तेव्हा ते बहुतेक वेळा उंच, पानांनी भरलेलं आणि कात्री न लागलेलं असतं.

शेवंतीची फुलं संपली असतील. जमिनीपासून चार-पाच इंच ठेवून कापा. बाजूचे फुटवे जपा, पुढची रोपं त्यांचीच. जास्वंद एक तृतीयांश कमी करा आणि शेंड्यांवर पांढरा कापूस दिसतो का ते बघा. तो पिठ्या ढेकूण. जिथे मुंग्यांची ये-जा दिसेल तिथे तो असतोच. आधी पाण्याची जोरदार धार, मग लिटरभर पाण्यात थोडा पातळ साबण आणि ५ मिली कडुनिंबाचं तेल घालून संध्याकाळी फवारा, आठवड्याने पुन्हा. बालोरचा (वालाचा) वेल मव्याने काळा पडला असेल, तर मोह सोडा आणि उपटून टाका, नाहीतर मवा नव्या रोपांवर येतो.

लिंबाला कात्री लावू नका. तो आत्ता फुलावर येतो. बुंध्यापासून दूर, पानांच्या घेराखाली हलकं खरवडून खत पसरा आणि पाणी एकसारखं द्या. आठवडाभर कोरडा ठेवून एकदम भिजवला की फुलं गळतात.

पेरणी

दुधी, गिलकी (घोसाळी), दोडकी, काकडी यांच्या बिया शिवरात्रीच्या आधीच कागदी पेल्यांत लावा. फेब्रुवारीत पहाटेचा गारवा असतो आणि थंड मातीत या बिया कुजतात. पेले रात्री घरात, दिवसा उन्हात. दोन खरी पानं आली की पेल्याचा तळ फाडून मातीच्या गोळ्यासकट लावा. वेलवर्गाला मुळं हलवलेली सोसत नाहीत. भेंडीचं बी रात्रभर भिजवून थेट वाफ्यात, बोटाचं एक पेर खोल, एकेक फुटावर. चवळी आणि गवारही थेट. मेथीचा काळ सरला, आता पेरली तर लगेच फुलावर येते. चवळाई, पोई (मायाळू) मात्र उन्हातही साथ देतात. टोमॅटो लावायचे असतील, तर उशीर करू नका, पस्तीस अंशांच्या वर फुलं गळायला लागतात.

रोपं घेताना उंच आणि फुलं आलेली निवडू नका. बुटकी, जाड देठाची, काळसर हिरवी घ्या. संध्याकाळी लावा.

गच्चीसाठी नुसती काळी माती भरू नका. बारा इंची ग्रो बॅग काळ्या मातीने भरून भिजवली की तीस किलोच्या वर जाते, आणि कडेने माती सुटून पाणी तळातून निघून जातं. दोन भाग माती, दोन भाग खत, एक भाग भिजवून धुतलेलं कोकोपीट आणि बॅगमागे मूठभर निंबोळी पेंड. वर दोन इंच रिकामे ठेवा, नाहीतर पाणी बाहेर सांडतं. जुन्या कुंड्यांतली झाडं पालथी करून बघा. मुळांनी आतून जाळी विणली असेल, तर बाहेरची मुळं धारदार सुरीने बोटभर छाटून नव्या मातीत बसवा.

पाणी आणि आच्छादन

आमच्याकडे नर्मदेचं पाणी दिवसाआड येतं. नर्मदाकाठच्या जलूदपासून सत्तरेक किलोमीटर, घाट चढवून आणलेलं पाणी आहे ते, त्याची वाफ करून उडवणं मला पटत नाही. म्हणून होळीनंतर उघडी माती कुठेही दिसता कामा नये. मार्चमध्ये माळव्यात गहू निघतो, तेव्हा भुसा सहज मिळतो. तो किंवा साठवलेला कडुनिंबाचा पाला चार बोटं जाड पसरा. देठाला चिकटवू नका, मुठीएवढी जागा मोकळी सोडा. पाणी सकाळी, बुंध्याशी, आणि रोज शिंपडण्यापेक्षा दोन-तीन दिवसांनी खोल. रोज वरवर दिलं की मूळ वरच राहतं. पाणी द्यायचं का हे भुसा बाजूला करून बोट खुपसून ठरवा.

पश्चिमेकडच्या वाफ्यांवर एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात ५० टक्के सावलीची हिरवी जाळी लागते. पण तिचे बांबू आत्ताच रोवा, मातीत ओल आहे तोवर ते सहज जातात.

आणि कढीपत्त्याची किंवा मोगऱ्याची नवी पानं पिवळी, शिरा मात्र हिरव्या दिसत असतील, तर खत वाढवू नका. चुनखडीच्या मातीत लोह असूनही झाडाला मिळत नाही. लिटरभर पाण्यात ३ ते ५ ग्रॅम हिराकस (फेरस सल्फेट) आणि लिंबाचे चार थेंब, संध्याकाळी पानांवर फवारा, आठ-दहा दिवसांनी पुन्हा एकदा. कपड्यांवर आणि फरशीवर त्याचे गंजाचे डाग पडतात, तेव्हा कुंडी आधी अंगणात न्या.